पोटखराब्याचा मुलूख

सिंधुदुर्ग जिल्ह्याला १९९७ साली देशातील पहिला पर्यटन जिल्हा हा लौकिक मिळाला, आणि तेव्हापासून मालवणला येणाऱ्या पाहुण्याचे मुख समुद्राकडे व पाठ भूमीकडे असा जो शिरस्ता पडला तो आजतागायत मोडलेला नाही. १६६४ साली शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला तो जलदुर्ग, तारकर्लीची वाळू, देवबागचा संगम आणि अलीकडे समुद्रतळाचे दर्शन घडविणाऱ्या होड्या, एवढ्यात त्याचे दिवस सरतात. ज्या उघड्या, काळ्या-तांबड्या पठारांवरून त्याची मोटार या किनाऱ्याला उतरली त्या पठारांचे त्याला स्मरणही राहत नाही. गेल्या हिवाळ्यात मालवणाहून निघून किनाऱ्याच्या वाटेने उत्तरेकडे, देवगड, राजापूर आणि रत्नागिरी या तालुक्यांतून मी जो दीर्घ प्रवास केला, त्यात जे जे विलक्षण म्हणून दृष्टीस पडले त्यातील बहुतेक या दुर्लक्षित पठारांवर, म्हणजे आमच्याकडे ज्याला सडा म्हणतात त्या भूभागावरच होते; आणि हा भूभाग सरकारी दप्तरात बहुतांशी ‘पोटखराब’ या एका शब्दाखाली गाडला गेला आहे, ही गोष्ट वाचकांपुढे मांडावी म्हणून हा लेख.

कोळंबचा पूल ओलांडून उत्तरेला लागले की या प्रवासाची एक लय ध्यानात येते. खाडी, खाडीकाठची माडा-पोफळींची दाट वस्ती, देऊळ, भाताचे मळे. मग तीव्र वळणांचा चढ. आणि चढ संपताच एकाएकी सारे वृक्ष मागे राहून समोर पसरलेला विस्तीर्ण कातळ, ज्याच्यावर मैल-मैल घर नाही, विहीर नाही, सावली नाही. पुन्हा उतार, पुन्हा खाडी. मालवणपासून थेट बाणकोटपर्यंत हीच आवृत्ती चालते. वस्ती सगळी खालच्या सखल भागात असल्यामुळे प्रवासी त्या वस्त्यांनाच कोकण समजतो आणि सडा म्हणजे दोन गावांमधील निरर्थक अंतर मानतो. डिसेंबरानंतर करपलेले गवत आणि तापलेला जांभा पाहून त्याला दुसरे काही वाटावे अशी अपेक्षाही करता येत नाही.

दप्तराची दृष्टी या प्रवाशाच्या दृष्टीहून निराळी नव्हती. इंग्रजी अमदानीत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यात ज्या मोजणीपद्धतीचा आरंभ केला, आणि जी पुढे थोड्याफार फेरफाराने साऱ्या मुंबई इलाख्यात लागू झाली, तिचा हेतू अगदी स्पष्ट होता. कोणत्या जमिनीतून सरकारास किती सारा मिळावा हे ठरविणे एवढेच तिचे काम. कोकणात खोतीच्या गुंतागुंतीमुळे ती उशिरा आणि कष्टाने रुजली, पण रुजली. भातशेती, बागायत, डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविणारी वरकस, आणि यांपैकी कशातच न बसणारी ती पोटखराब, असे जमिनीचे वर्ग पडले. पोटखराब्यावर आकार बसला नाही. साऱ्याच्या दृष्टीने यात काही अन्याय्य नव्हते, किंबहुना कातळावर आकार बसविला असता तर तो शेवटी गरीब कुळाच्याच पोटातून वसूल झाला असता. परंतु ज्यावर आकार नाही त्याला मोलही नाही, ही जी पुढची पायरी कोणत्याही कायद्याने सांगितली नव्हती ती लोकव्यवहाराने आणि राज्यकारभाराने संगनमताने चढली. आणि खोती जाऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, जिल्हे बदलले, सातबाऱ्याचा उतारा संगणकावर आला, तरी ती पायरी कोणी उतरलेले नाही.

या समजुतीला पहिला धक्का बसतो तो मालवण तालुक्यातच. किनारा सोडून थोडे आत वळले की बुधवळे-कुडोपीचा सडा लागतो. तेथील जांभ्यावर मनुष्याकृती, पशू, मासे आणि ज्यांचा अर्थ लावणे दुष्कर आहे अशा भौमितिक रचना कोरलेल्या आहेत. त्यांतील एका मोठ्या आकृतीला काही अभ्यासक मातृदेवता मानतात. ग्रामस्थ या जागेला पिढ्यान्‌पिढ्या बावल्यांचो सडो म्हणत आले, म्हणजे विद्वानांच्या दृष्टीला ही चित्रे पडण्यापूर्वी ती गुराख्यांच्या दृष्टीला नित्य पडत होती. सतीश लळीत यांनी हिवाळे आणि कुडोपी येथील या कातळचित्रांचा अभ्यास करून ती संशोधकांपुढे ठेवली. मी भर दुपारी तेथे पोहोचलो तेव्हा गुरे हाकून परतणारे एक वृद्ध गृहस्थ थांबले आणि म्हणाले, “बावले बघूक इलास काय? सांजेक येवा, उन कलला काय बरी दिसतत.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. माथ्यावरच्या प्रखर उन्हात ज्या खोदीव रेषा कातळाच्या नैसर्गिक खाचांपासून वेगळ्या ओळखू येत नव्हत्या, त्या सूर्य पश्चिमेला झुकून किरण तिरपे पडू लागताच एकामागून एक उमटू लागल्या, आणि ज्या भूमीवरून मी तासभर निष्काळजीपणे फिरलो असतो ती भूमी पावलागणिक चित्रांनी भरलेली आहे हे प्रत्ययास आले. मोजणीदाराची साखळी बहुधा दुपारच्या उन्हातच या सड्यावरून ओढली गेली असावी.

आचऱ्याचे वैशिष्ट्य सर्वश्रुत आहे, पण या संदर्भात त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते. इनामदार श्री देव रामेश्वर संस्थानाचा हा गाव. येथे दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन गावपळण होते, म्हणजे सर्व जातिधर्मांचे ग्रामस्थ, गुरे, कोंबड्या, कुत्री यांच्यासह घरे सोडून तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर राहुट्या ठोकून राहतात, आणि पुन्हा कौल मिळाल्यावरच परततात. चिंदर आणि वायंगणी या शेजारच्या गावांतही ही प्रथा आहे. तिचे मूळ साथीच्या रोगांत होते की भूतपिशाच्चांच्या भयात होते की जमिनीला विसावा देण्याच्या विचारात, याचा निर्णय करण्याच्या भरीस मी पडत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, ज्या माळांवर आणि ओहोळांच्या काठी हे सारे गाव त्या तीन दिवसांत नांदते, अन्न शिजविते, भजने करते आणि रात्री आकाशाखाली निजते, त्या जागा ग्रामजीवनाच्या आतील आहेत. गावाची सीमा घरांच्या ओळीपाशी संपत नाही, हे या लोकांना दर तीन-चार वर्षांनी कृतीने सांगावे लागते आणि ते सांगतात.

देवगड तालुक्यात सड्याचे रूप पालटते. येथे माणसाने कातळालाच हात घातला. सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली आणि त्यांत हापूसची कलमे रुजविली. १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीची योजना आली तेव्हा या उद्योगाला मोठेच बळ मिळाले. जामसंडेपासून पडेलपर्यंतच्या वाटेवर गडग्यांनी बांधलेल्या या बागा पाहिल्या म्हणजे त्यामागील कष्टांपुढे मस्तक नम्र होते, आणि ज्या कुटुंबांनी मुंबईच्या गिरण्यांकडे वळणारी वाट सोडून हा दगड फोडला त्यांना कोणी सड्याच्या रक्षणाच्या नावाखाली दोष देऊ लागला तर मी त्याच्या बाजूचा नाही. मात्र बाग ही सड्याची एक गती झाली. प्रत्येक सड्याची तीच एक गती असावी असे त्यावरून ठरत नाही.

विजयदुर्गावर एक आख्यायिका ऐकावयास मिळते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दक्षिण कोकणावरून गेला होता. किल्ल्यातील काही ओट्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात, आणि नॉर्मन लॉकियरने तेथूनच हेलियम वायूचा शोध लावला असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की त्या ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहणारा फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूर येथे होता. लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहणावाचून, इंग्लंडमधूनच तो वर्णपट पाहिला आणि त्यातील अपरिचित पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याचे अनुमान केले. तो स्वतः हिंदुस्थानात आला तो १८७१ च्या ग्रहणासाठी, आणि तेव्हाही त्याचा तळ मलबार किनाऱ्यावर बेकलच्या किल्ल्यात होता. विजयदुर्गाच्या थोरवीला या उसन्या अलंकाराची गरज नाही. आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे, १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांना ते जिंकण्यासाठी केवढा आरमारी फौजफाटा आणावा लागला हे आठवले तरी पुरे. मला खंत वाटते ती दुसरीच. जे येथे घडले नाही त्याचे उत्सव आम्ही करतो, आणि जे येथून काही कोसांवर निःसंशय घडले, ज्याचा पुरावा दगडात कोरलेला आहे, त्यावरून वेगाने निघून जातो.

वाघोटणची खाडी मागे टाकून राजापूर तालुक्यात शिरले की ही खंत अधिकच वाढते, कारण येथून रत्नागिरीपर्यंतचा सडा हा या चित्रकलेचा गाभा आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीकरांनी गेल्या काही वर्षांत गावोगावच्या गुराख्यांना, शेतकऱ्यांना, शाळकरी मुलांना विचारीत, पायी हिंडून हा ठेवा उजेडात आणला, आणि आज ज्ञात असलेल्या आकृतींची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली आहे. कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे, आणि त्या एका हत्तीच्या देहरेषेच्या आत लहानमोठ्या प्राण्यांच्या कित्येक आकृती सामावल्या आहेत. बारसूला दोन्ही अंगांना झेप घेणारे वाघ आणि मधोमध उभा मनुष्य असे चित्र आहे, ज्याचे सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील तशाच प्रसंगाशी असलेले साम्य पाहून जाणकारही थक्क झाले. देवाचे गोठणे येथे उताण्या मनुष्याकृतीवर होकायंत्र ठेवले तर त्याची सुई भलतीच दिशा दाखविते. कोरणाऱ्यांनी नेमकी हीच जागा का निवडली, हा प्रश्न तेथे उभ्या राहिलेल्या प्रत्येकाच्या मनात येतो आणि अनुत्तरित राहतो. इतरत्र गेंडा आढळतो, जो आज कोकणात कोठेही नाही. शार्क आणि पाकट यांसारखे समुद्रातील जीव आढळतात. पण शेतीच्या कामाचे चित्र अभ्यासकांना आढळलेले नाही, आणि म्हणूनच ही चित्रे शेतीच्या उदयापूर्वीच्या, शिकारीवर आणि मासेमारीवर जगणाऱ्या माणसांची असावीत, कदाचित मध्याश्मयुगापर्यंत मागे जात असावीत, असे त्यांचे अनुमान आहे. ज्या भूमीवर कुणी कधी वस्ती केली नाही अशी आमची समजूत, ती या किनाऱ्यावरील मनुष्यवस्तीचे सर्वांत जुने दप्तर सांभाळून बसली आहे.

याच तालुक्यात उन्हाळे गावाजवळ राजापूरची गंगा आहे. चौदा कुंडांत अवचित पाणी प्रकट होते, काही आठवडे वा महिने वाहते आणि लुप्त होते. पूर्वी साधारण तीन वर्षांचा नेम असे, अलीकडे तो नेम मोडला आहे. भक्तांना ती गंगा आहे आणि भूशास्त्रज्ञांना भूगर्भातील वक्रनलिकेसारख्या रचनेचा परिणाम वाटतो; शास्त्राच्या दृष्टीने ते पाणी आसमंतातील खडकांत मुरलेल्या पावसाचे दान आहे. सड्याचा हा धर्म साऱ्या कोकणाने लक्षात घ्यावा असा आहे. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तरी वैशाखात गावोगाव पाण्यासाठी टँकर फिरतात. जांभा हा सच्छिद्र दगड. त्यात मुरलेले पाणी खालच्या चिकण मातीच्या थरावर अडते आणि सावकाश सरकत उतारावरच्या झऱ्यांतून व पायथ्याच्या विहिरींतून बाहेर येते. सडा खणून त्याचे चिरे नेले, किंवा त्यावर काँक्रीट ओतले, की दोन-चार उन्हाळ्यांनी खालच्या वाडीची बाव आटते, आणि त्या दोन घटनांचा संबंध कोणत्याही पंचनाम्यात नोंदला जात नाही.

पावसाळ्यात हाच कातळ ओळखू येत नाही इतका बदलतो. ज्येष्ठाच्या सरींनंतर दीपकाडीची शुभ्र फुले येतात, जी वनस्पती रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांबाहेर फारशी आढळत नाही. मग श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे, गेंद आणि कितीतरी क्षुद्र वाटणाऱ्या, पण अन्यत्र न सापडणाऱ्या वनस्पती उथळ पाण्याच्या कडेने फुलतात, त्यांतल्या काही तर कीटक खाऊन जगतात, आणि साऱ्या बी टाकून आश्विन संपण्यापूर्वी नाहीशा होतात. टिटवीची अंडी याच उघड्या खडकावर असतात. मोजणी आणि भूसंपादन कोरड्या ऋतूत होत असल्यामुळे यातील काहीही मोजणाऱ्याला दिसत नाही.

युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातील कातळशिल्पांचा समावेश मार्च २०२२ मध्ये झाला; त्यात रत्नागिरी जिल्ह्यातील सात, सिंधुदुर्गातील आमची कुडोपी आणि गोव्यातील फणसामळ अशी नऊ स्थळे आहेत. त्यांतीलच बारसूच्या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा विचार झाला, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये मातीपरीक्षणाच्या वेळी तेथील स्त्री-पुरुष कातळावर आडवे झाले. प्रकल्पाच्या बाजूने आणि विरुद्ध जे युक्तिवाद झाले त्यांचा येथे न्याय करावयाचा नाही. पण जागा निवडताना ‘तेथे काही नाही, नुसता सडा आहे’ हे जे वाक्य वारंवार ऐकू आले, ते वाक्य उच्चारणाऱ्याने महसुली उतारा वाचला होता, सडा पाहिला नव्हता, एवढे म्हणण्याचा अधिकार तो सडा पाहिलेल्या कोणालाही आहे.

आता रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग, ज्याची कल्पना बॅ. अंतुले यांच्या नावाशी जोडली जाते, खाड्यांवरील मोठ्या पुलांसह आकार घेत आहे. तो व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आजारी माणसाला जयगडच्या किंवा दाभोळच्या खाडीकाठी तरीची वाट पाहत बसावे लागू नये, देवगडचा आंबा आणि हर्णैची मासळी वेळेवर बाजारात पोहोचावी, यात वाद कसला? भय आहे ते रस्त्याच्या मागून येणाऱ्या खरेदीखतांचे. सड्याची मालकी बहुधा सामाईक. एका उताऱ्यावर पन्नास-पन्नास नावे, त्यांतील निम्मी मुंबईत, काहींना आपला हिस्सा कोणत्या गटात आहे याचाही पत्ता नाही. अशा माणसाला पोटखराब्याचे चार पैसे मिळतात हाच मोठा लाभ वाटतो, आणि त्याला दूषण देता येत नाही, कारण ती जमीन निरुपयोगी आहे हे त्याला त्याच्या आजापणजाच्या काळापासून सरकारनेच लेखी सांगितले आहे.

रत्नागिरीजवळच्या उक्षी गावाने दुसरी वाट दाखविली आहे. तेथील ग्रामस्थांनी सड्यावरील हत्तीच्या चित्राभोवती जांभ्याचा गोल कठडा बांधला आणि उंचावरून ते पाहता यावे अशी सोय केली. त्यासाठी कोणत्या दूरच्या खात्याच्या अधिसूचनेची वाट त्यांनी पाहिली नाही. तरीही प्रत्येक गावावर हा भार टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. १९६० चा महाराष्ट्र प्राचीन स्मारके कायदा आहे, पण त्याखाली एकेक चित्र संरक्षित करावयाचे म्हटले तर दीड हजार चित्रांना किती पिढ्या लागतील? त्यापेक्षा जवळचे आणि स्वस्त साधन सातबाऱ्यातच आहे. ज्या गटात कातळचित्रे, बारमाही झरे किंवा दुर्मिळ वनस्पती आहेत, त्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात तशी नोंद करावी, म्हणजे विकणाऱ्याला, घेणाऱ्याला, खाणीचा परवाना देणाऱ्याला आणि भूसंपादन अधिकाऱ्याला ती डोळ्यांआड करता येणार नाही. आणि जेथे फुलांचे सडे अखंड आहेत तेथे जैवविविधता कायद्याखाली वारसास्थळ घोषित करावे. आमच्याच जिल्ह्यात आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडातील एका छोट्या माशासाठी २०२१ साली अवघे २.११ हेक्टर क्षेत्र असे राखले गेले. पूजाअर्चा थांबली नाही आणि कोणाचे उत्पन्न बुडाले नाही.

या नोंदींसाठी नवे खाते नको की नवा आयोग नको. तलाठी, गावातील दोन जुने गुराखी, शाळेतील एक शिक्षक आणि अभ्यासकांपैकी कोणी एक, एवढ्यांनी भाद्रपदात एकदा आणि माघात एकदा, तेही दिवस कलल्यावर, सडा चालून पाहावा. मिळालेली नोंद ग्रामसभेपुढे वाचून फेरफाराला चढवावी. मालवण, देवगड आणि राजापूर या तीन तहसिलींनी महामार्गाच्या पुढच्या भूसंपादनाची अधिसूचना निघण्यापूर्वी एवढे केले, तर सड्याविषयीचे पुढचे सर्व वाद, मग ते रस्त्याचे असोत, खाणीचे असोत वा कारखान्याचे, निदान वस्तुस्थितीच्या पायावर लढले जातील. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती येत्या पावसाळ्यासाठी आहे.